घरातली यंत्रे हाताने उलगडताना : छोटे विज्ञान-दालन पहिल्यांदाच उभारणाऱ्यांसाठी

शाळेतली एखादी रिकामी खोली, सार्वजनिक वाचनालयाचा वापरात नसलेला भाग किंवा नगरपालिकेच्या इमारतीतले एखादे दालन मिळाले, की तिथे मुलांसाठी विज्ञानाचे काहीतरी करावे अशी इच्छा अनेक शिक्षकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मनात येते. बहुतेक वेळा त्या इच्छेतून भिंतीवरचे तक्ते, शास्त्रज्ञांच्या तसबिरी आणि काचेच्या कपाटातल्या प्रतिकृती तयार होतात, आणि उद्घाटनाचा उत्साह ओसरला की तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. हा लेख वेगळ्या प्रकारच्या दालनासाठी आहे. त्यात प्रेक्षक स्वतः काही फिरवतो, ढकलतो, उघडतो किंवा भरतो, आणि त्याच्या कृतीला समोरची वस्तूच उत्तर देते. अशा दालनासाठी घरातले तंत्रज्ञान हा विषय मला सर्वांत योग्य वाटतो. कुलूप, नळ, फ्लशची टाकी, कुकर, दिवा आणि टीव्हीचा रिमोट या वस्तू सर्वांच्या रोजच्या वापरातल्या आहेत, तरीही त्यांचे आतले काम कायम झाकलेले असते. प्रेक्षक अनुभव घरूनच घेऊन येतो; आपल्याला झाकण काढून द्यायचे असते.

ही पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. बर्लिनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या उरानिया या संस्थेत प्रेक्षकांनी स्वतः करून पाहायचे प्रयोग होते. ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ मध्ये म्युनिक येथे स्थापन केलेल्या डॉइचेस म्युझियमने कळ दाबून किंवा दांडा फिरवून चालवायची यंत्रे आणि मधोमध छेद घेऊन आतला भाग दाखवणारी यंत्रे मोठ्या प्रमाणावर मांडली. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये १९३१ साली लहान मुलांसाठी स्वतंत्र दालन सुरू झाले. पुढे १९९५ मध्ये त्याच संग्रहालयात टिम हंकिन यांच्या कल्पनेतून घरगुती उपकरणांचे एक दालन उघडले, ज्यात धुलाई यंत्रापासून शौचालयापर्यंतच्या वस्तू आतून कशा चालतात हे पाहता येत असे. भारतात कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय १९५९ मध्ये सुरू झाले आणि राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ मध्ये स्थापन झाली. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र (१९८५), नागपूरचे रामन विज्ञान केंद्र (१९९२) आणि पणजीत मिरामारचे गोवा विज्ञान केंद्र (२००१) ही त्याच परिषदेची केंद्रे आहेत.

पहिली पायरी : आधी दुसऱ्यांची दालने पाहणे

काही बांधण्यापूर्वी जवळच्या विज्ञान केंद्रात एक संपूर्ण दिवस घालवावा, आणि तो यंत्रे पाहण्यापेक्षा माणसे पाहण्यात घालवावा. एखाद्या मांडणीजवळ थोडे बाजूला उभे राहून लोक प्रथम कुठे हात लावतात, फलक वाचतात की नाही, किती वेळ थांबतात, आणि निघताना सोबतच्या माणसाशी काय बोलतात याची टिपणे काढावीत. दोन गोष्टी लवकरच लक्षात येतील. एक म्हणजे बहुतेक लोक आधी हात लावतात आणि गोंधळले तरच वाचतात. दुसरी म्हणजे जिथे फक्त कळ दाबायची असते, तिथे मुले कळ दाबून पुढे पळतात आणि यंत्र रिकाम्या जागेपुढे चालत राहते. तुमच्या पुढच्या जवळजवळ सगळ्या निर्णयांचा आधार या दोन निरीक्षणांत आहे.

एखादा फेरफटका पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही मारावा. तिथले दिवे, कुलुपे आणि अडकित्ते पाहिले, की रोजच्या वापरातल्या वस्तूंमागे किती विचार असतो ते कळते. अशा जुन्या वस्तू तुमच्या गावातूनही मिळतील, आणि लोक त्या आनंदाने देतील. मात्र मूळ वस्तू हाताळायला देऊ नये. ती काचेआड ठेवून शेजारी तिची भक्कम नक्कल हाताळण्यासाठी ठेवावी.

दुसरी पायरी : एक यंत्र, एक प्रश्न

नवखे लोक हमखास एक गोष्ट करतात: एकाच टेबलावर ‘विद्युतशक्ती’ किंवा ‘दळणवळण’ असा सगळा विषय कोंबतात. त्याऐवजी प्रत्येक मांडणीसाठी एकच प्रश्न एका वाक्यात लिहावा, आणि तो दहा वर्षांच्या मुलाला स्वतःहून पडू शकेल असा असावा. फ्लशची टाकी भरल्यावर पाणी आपोआप कसे थांबते? चुकीची किल्ली कुलपात जाते, पण फिरत का नाही? रिमोटचे बटण दाबल्यावर टीव्हीला नेमके काय सांगितले जाते? वाक्य लिहिता आले नाही, तर ती मांडणी अजून तयार झालेली नाही असे समजावे. प्रश्न ठरला की त्याचे उत्तर शब्दांवाचून, केवळ हाताने आणि डोळ्यांनी मिळू शकेल का हे तपासावे. मायक्रोवेव्ह भट्टीचे तत्त्व कितीही मनोरंजक असले, तरी तिच्या आत जे घडते ते हाताळून अनुभवता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी तो विषय बाजूला ठेवलेला बरा.

सुरुवातीला चार किंवा पाच मांडण्या पुरेशा आहेत. पंचवीस मांडण्यांपैकी निम्म्या बंद असलेले दालन मुलांना शिकवते ते एवढेच, की इथे काही चालत नाही.

तिसरी पायरी : पुठ्ठ्याचा कच्चा नमुना

फॅब्रिकेटरकडे (लोखंडी सांगाडे करून देणाऱ्या कारागिराकडे) जाण्यापूर्वी पुठ्ठा, जुने प्लायवूड, चिकटपट्टी, सायकलचे भाग आणि खेळण्यांतल्या मोटरी वापरून प्रत्येक मांडणीचा कच्चा नमुना तयार करावा आणि तो वेगवेगळ्या वयांच्या लोकांसमोर ठेवावा. त्यात शाळेतली मुले असावीत, त्यांच्या आजीआजोबांपैकी कोणी असावे, आणि विज्ञानाशी काही संबंध नसलेला एखादा दुकानदारही असावा. या वेळी तुम्ही गप्प राहायचे, हे सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रेक्षक अडखळला की समजावून सांगण्याची तीव्र इच्छा होते. पण दालन उघडल्यावर तुम्ही प्रत्येकाजवळ उभे नसणार, म्हणून तो जिथे अडखळला ती जागा टिपून ठेवावी आणि रचना बदलावी. नमुना वापरून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा: ‘हे कसे चालते, ते मला सांगाल का?’ आवडले का, असे विचारू नये. आपल्याकडे माणसे सौजन्याने हो म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही.

तीन-चार वेळा नमुना बदलावा लागणे स्वाभाविक आहे. पुठ्ठ्यावर केलेला बदल संध्याकाळभरात होतो, तर वेल्डिंग झालेल्या सांगाड्यातला बदल महिनाभर लांबतो, हे वेळेचे आणि पैशाचे गणित समितीला पहिल्याच बैठकीत समजावून सांगावे.

चौथी पायरी : प्रत्यक्ष बांधणी

इथे मी पाच मांडण्यांची रचना देतो. त्यांचे भाग तालुक्याच्या गावात मिळतात आणि त्यांतून घरातल्या तंत्रज्ञानाचे वेगवेगळे पैलू दिसतात. पहिल्या मांडणीवर मी अधिक लिहिणार आहे, कारण ती नीट जमली तर दालनाचे नाव होते.

पेडलवरचे वीजघर. प्रेक्षक बसून पेडल मारतो, त्यातून वीज तयार होते आणि समोरचे दिवे पेटतात. अशी मांडणी अनेक ठिकाणी दिसते, पण बहुतेक ठिकाणी तिचा खरा गाभा हरवलेला असतो. दिवा पेटला हे तिथले विशेष नाही. दिवे वाढवत गेल्यावर पेडल जड होत जाते, आणि विजेचा खर्च म्हणजे काय हे पायांना कळते, हे विशेष आहे. म्हणून दिव्यांची बटणे प्रेक्षकाच्या हाताशी ठेवावीत, म्हणजे पेडल मारता मारता त्याला एकेक दिवा चालू करता येईल. तारेचे (फिलामेंटचे) २१ वॉटचे तीन दिवे आणि त्यांच्या शेजारी ५ वॉटचा एलईडी दिवा लावावा. सर्वसाधारण माणूस काही मिनिटे ५० ते १०० वॉट एवढी शक्ती पायांनी देऊ शकतो. त्यामुळे तिसरा दिवा लागला की बहुतेकांना दम लागतो. एलईडी मात्र जवळजवळ काही न जाणवता पेटतो. घरातला ६० वॉटचा जुना दिवा काढून ९ वॉटचा एलईडी लावला, तरी उजेड साधारण तेवढाच राहतो, हे नुसते सांगितले तर विसरले जाते. पायांनी अनुभवले तर लक्षात राहते.

जनित्र म्हणून कायम चुंबकाची डीसी मोटर घ्यावी. विजेवर चालणाऱ्या छोट्या स्कूटरची २४ व्होल्टची मोटर चांगली. मोटारीच्या वायपरची जुनी मोटर भंगारात स्वस्त मिळते आणि अनेक जण मोहाने तीच आणतात. पण तिच्यात वर्म गिअर असतो, त्यामुळे बाहेरचा दांडा फिरवून आतला भाग फिरत नाही. माणूस मिनिटाला साठेक वेळा पेडल फिरवतो आणि मोटरला मात्र हजाराहून अधिक फेरे हवे असतात. म्हणून सायकलच्या साखळीनंतर आणखी एक वेग वाढवणारा टप्पा, पट्ट्याचा किंवा चाकावर टेकलेल्या रोलरचा, लागतो. जोमदार तरुण जीव खाऊन पेडल मारतो, तेव्हा व्होल्टेज वाढून १२ व्होल्टचे दिवे जळतात. यावर सोपा उपाय म्हणजे ट्रकचे २४ व्होल्टचे दिवे वापरणे, आणि व्होल्टमीटर जोडून गावातल्या सर्वांत दणकट मुलाकडून पेडल मारवून, व्होल्टेज दिव्याच्या मर्यादेत राहील असे चाकांचे गुणोत्तर निश्चित करणे. एलईडीला स्वतंत्र ड्रायव्हर, म्हणजे त्यातला विद्युतप्रवाह ठरावीक ठेवणारे छोटे सर्किट, हवा. सायकलचे फ्रीव्हील तसेच ठेवावे, नाहीतर प्रेक्षक थांबला तरी पेडल फिरत राहून नडगीवर बसते. साखळी पूर्ण झाकलेली असावी.

या मांडणीशेजारी एकच हिशोब मोठ्या अक्षरांत लिहावा: एक युनिट वीज म्हणजे १००० वॉट-तास, ५० वॉट देणाऱ्या माणसाला ती तयार करायला २० तास पेडल मारावे लागेल. २००० वॉटचा गीझर चालवायचा तर अशी ४० माणसे एकाच वेळी बसवावी लागतील. घरच्या वीजबिलावर युनिटचा आकडा असतोच, आणि मुले घरी जाऊन तो शोधतात.

पारदर्शक फ्लशची टाकी. अ‍ॅक्रिलिकची पत्रे चिकटवून टाकी करण्याचा प्रयत्न नवख्यांनी करू नये. सांध्यांतून पाणी झिरपते आणि दुरुस्ती होत नाही. मासे पाळण्याच्या काचेच्या टाक्या करणाऱ्या कारागिराकडून टफन काचेची टाकी करून घ्यावी आणि बाजारात मिळणारे फ्लशचे आतले भाग तिच्यात बसवावेत. वर तरंगणारा फुगा प्रेक्षकाला हाताने उचलता आला पाहिजे, कारण तो उचलताच नळ बंद होतो आणि सोडताच पुन्हा सुरू होतो, आणि पाणी आपोआप थांबण्याचे सगळे रहस्य एवढ्यातच आहे. खाली इंग्रजी एसच्या आकाराची पारदर्शक नळी जोडावी. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये याच वळणाचे पेटंट घेतले होते. वळणात साठून राहिलेले पाणी गटारातल्या वायूला घरात येऊ देत नाही, हे दाखवण्यासाठी नळीच्या दुसऱ्या टोकाला रबरी फुगा जोडून हवा सोडण्याची सोय करावी. वळण भरलेले असताना हवा अडते आणि रिकामे असताना थेट येते. तेच पाणी १२ व्होल्टच्या छोट्या पंपाने वर पाठवले, की नळजोडणीची गरज उरत नाही. मात्र डासांची काळजी घ्यावी. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करावी. सुट्टीत ती रिकामीच ठेवावी.

मोठ्या आकाराचे लिव्हर कुलूप. आपल्याकडच्या अनेक कुलपांवर लिव्हरचा आकडा कोरलेला असतो. तो का महत्त्वाचा, हा इथला प्रश्न. लिव्हर म्हणजे कुलपातली, किल्लीने उचलली जाणारी पट्टी. प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर उचलला गेला, तरच बोल्टवरची (कुलपाच्या सरकत्या दांड्यावरची) खुंटी त्यांच्या खाचांतून पुढे सरकते; थोडा कमी किंवा थोडा जास्त उचलला तरी वाट बंद होते. लिव्हर जास्त उचलला तरीही कुलूप उघडू नये, ही कल्पना इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये पेटंट केली. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे चार लिव्हर, समोर पारदर्शक झाकण आणि साखळीने बांधलेल्या तीन किल्ल्या, ज्यांपैकी एकच लागू पडते, एवढ्यात मांडणी होते. शेजारी अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कुलूप उद्योगाचा उल्लेख दोन ओळींत करता येईल.

बोलका रिमोट. छोट्या सौर पट्टीच्या तारा ध्वनिवर्धकाला आणि स्पीकरला जोडल्या आणि तिच्यावर रिमोट रोखून बटण दाबले, की प्रत्येक बटणाची वेगळी घरघर ऐकू येते. रिमोटमधला प्रकाश डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असतो, आणि तो सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकत असतो. हा वेग कानाच्या आवाक्याबाहेरचा आहे. आपल्याला ऐकू येते ती त्या लुकलुकीची तुकड्या-तुकड्यांतली मांडणी, म्हणजेच टीव्हीला पाठवलेला संदेश. मध्ये हात, कागद आणि पारदर्शक प्लास्टिक धरून पाहण्याची मुभा द्यावी. रिमोटमधल्या सेलऐवजी तारेतून वीज द्यावी, म्हणजे सेल बदलण्याचे काम आणि रिमोट नाहीसा होण्याची भीती, दोन्ही मिटतात.

कुकरची शिट्टी. जिवंत वाफ प्रेक्षकांच्या हाती कधीही देऊ नये. सायकलचा पंप, त्याची नळी, नळीच्या टोकाला छिद्र असलेला धातूचा ठोकळा आणि त्या छिद्रावर कुकरचे वजन, एवढीच मांडणी करावी. मध्ये हवा साठवणारे भांडे ठेवू नये, कारण दाबाखालची साठलेली हवा धोकादायक असते. छिद्र ३ मिलिमीटर व्यासाचे असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर होते, म्हणून केवळ ७० ग्रॅमचे वजन दर चौरस सेंटिमीटरला १ किलो एवढा दाब धरून ठेवते आणि त्यापुढे उचलले जाते. एवढ्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते, आणि म्हणून डाळ लवकर शिजते. शेजारी एक खरा कुकर मधोमध कापून ठेवावा आणि कापलेल्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात.

पाचवी पायरी : सुरक्षितता आणि सर्वांना पोहोच

प्रेक्षकाचा हात जिथे पोहोचतो, तिथे २३० व्होल्टची वीज नसावी, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये. चांगल्या प्रतीच्या, बंदिस्त पेटीतल्या वीजपुरवठ्यातून १२ व्होल्ट बाहेर आणावेत, मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवावे, आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून त्याची नोंद ठेवावी. हलणाऱ्या भागांमधल्या फटी ८ मिलिमीटरपेक्षा कमी किंवा २५ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवाव्यात, कारण मधल्या मापाच्या फटीत मुलांची बोटे अडकतात. साधी काच कुठेही वापरू नये. उद्घाटनापूर्वी प्रत्येक मांडणीवरून डोळे मिटून हात फिरवावा. धारदार कडा आणि बाहेर आलेले स्क्रू असे लगेच सापडतात.

टेबलाची उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास असावी, आणि खाली ७० सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरची व्यक्तीही जवळ येऊ शकते. लहान मुलांसाठी पुढे पायरी ठेवण्याऐवजी एखादी मांडणीच कमी उंचीची करावी. पेडल मारू न शकणाऱ्यांसाठी त्याच जनित्राला हाताने फिरवायचा दांडा जोडता येतो. बोलका रिमोट आणि मोठे कुलूप या मांडण्या दृष्टिहीन मुलांनाही पूर्ण अनुभवता येतात. त्यांच्याशेजारी ब्रेल फलक लावायचा असेल, तर मजकूर जवळच्या अंधशाळेतील शिक्षकांकडून तपासून घ्यावा.

सहावी पायरी : फलकावरचे शब्द

फलक सर्वांत शेवटी लिहावा, आणि तो चाळीस-पन्नास शब्दांपलीकडे जाऊ देऊ नये. आधी करायची कृती, मग काय पाहायचे आणि सर्वांत शेवटी का, असा क्रम ठेवावा. ‘फुगा हाताने उचला. नळाकडे पाहा.’ एवढ्या दोन वाक्यांनी प्रेक्षक कामाला लागतो. कृतीच्या ओळीची अक्षरे सुमारे १ सेंटिमीटर उंच असावीत, आणि फलक हाताच्या जवळ, नजर सहज पडेल अशा जागी असावा. भिंतीवर उंच लावलेला फलक टेबलाशी वाकलेल्या मुलाला दिसत नाही. चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड परावर्तित होतो, म्हणून मॅट पृष्ठभाग निवडावा. भाषा घरातलीच असावी: लोक फ्लश म्हणत असतील, तर फलकावरही फ्लशच लिहावे. ‘हात लावू नये’ असा एकही फलक या दालनात नसावा. ज्याला हात लावायचा नाही, ते झाकून ठेवावे.

सातवी पायरी : मार्गदर्शक मुले

शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना मार्गदर्शक म्हणून तयार करणे हा उत्तम मार्ग आहे, आणि कित्येकदा प्रेक्षकांपेक्षा त्या मुलांचाच अधिक फायदा होतो. त्यांना पाठ केलेले भाषण देऊ नये. त्यांना तीन सवयी लावाव्यात. प्रेक्षक स्वतः करत असेल तोवर मागे उभे राहायचे, तो थबकला तर ‘आता दुसरा दिवा लावून पाहा’ अशी पुढची कृती सुचवायची, आणि उत्तर देण्याआधी त्याचा अंदाज विचारायचा. ज्येष्ठ मंडळी आली, तर त्यांच्याकडून घरातल्या जुन्या वस्तूंची माहिती मागावी. साखळी ओढायची फ्लशची टाकी, वातीचा स्टोव्ह किंवा कोळशाची इस्त्री वापरलेली माणसे मांडणीसमोर उभी राहून जे सांगतात, ते कोणत्याही फलकावर लिहिता येणार नाही.

आठवी पायरी : देखभाल

नवखे लोक हिशोब चुकवतात तो इथे. दिवसाला २०० प्रेक्षक आले, प्रत्येकाने दांडा फक्त दहा वेळा फिरवला आणि दालन वर्षात ३०० दिवस उघडे राहिले, तर एका दांड्याचे वर्षाला ६ लाख फेरे होतात. घरातली कोणतीही वस्तू एवढ्या वापरासाठी बनवलेली नसते. म्हणून फिरणाऱ्या प्रत्येक भागाला बंद प्रकारचे बॉल बेअरिंग हवे, नटच्या जागी नायलॉनचा लॉकनट हवा, आणि लाकडात थेट स्क्रू मारण्याऐवजी आरपार बोल्ट हवेत. सगळे भाग शक्य तितके प्रमाणित मापाचे आणि सायकलच्या किंवा नळ-साहित्याच्या दुकानात मिळणारे असावेत. खास घडवून घेतलेला सुंदर भाग तुटला की तो पुन्हा घडवणारा माणूस सापडत नाही, आणि मांडणी कायमची बंद पडते.

प्रत्येक मांडणीचा मागचा भाग एका पान्याने उघडता आला पाहिजे. आत झाकणावरच जोडणीची आकृती, भागांची मापे आणि ते जिथे मिळतात त्या दुकानाचे नाव चिकटवावे. मूळ करणारी व्यक्ती गाव सोडून गेली, तरी काम अडू नये. एकूण खर्चाचा एक भाग, माझ्या मते किमान पाचवा, सुट्या भागांसाठी पहिल्याच दिवशी बाजूला काढावा. देणगीदार नव्या मांडणीला पैसे देतात, बेअरिंगला देत नाहीत, म्हणून ही रक्कम मूळ अंदाजपत्रकातच धरावी.

रोज दालन उघडण्यापूर्वी प्रत्येक मांडणी एकदा स्वतः चालवून वहीत नोंद करावी: तारीख, काय बिघडले, काय केले, कोणता भाग लागला. सहा महिन्यांनी ही वही वाचली, की एकच भाग वारंवार तुटतो आहे असे दिसते, आणि तिथे दुरुस्तीपेक्षा रचना बदलण्याची गरज असते. बिघडलेली मांडणी ‘बंद आहे’ अशी पाटी लावून आठवडेच्या आठवडे जागेवर ठेवू नये. दोन दिवसांत ती चालू होणार नसेल, तर उचलून आत न्यावी.

दुरुस्ती मात्र लपवू नये. फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू केलेल्या एक्स्प्लोरेटोरियममध्ये मांडण्या बनवण्याची आणि दुरुस्त करण्याची कार्यशाळा प्रेक्षकांना दिसेल अशी ठेवलेली होती, आणि छोट्या दालनाला ही गोष्ट मोठ्या संस्थेपेक्षाही सहज जमते. महिन्यातला एक शनिवार दुरुस्तीसाठी ठरवून त्याची सूचना दारावर लावावी. त्या दिवशी बिघडलेली मांडणी मधल्या टेबलावर उघडावी, गावातल्या सायकल दुरुस्त करणाऱ्या किंवा मोटर भरणाऱ्या कारागिराला मानधन देऊन बोलवावे, आणि मार्गदर्शक मुलांच्या हाती पाने द्यावेत. झिजलेले बेअरिंग आणि नवे बेअरिंग शेजारी शेजारी फिरवून पाहू द्यावे, आणि वहीतली त्या दिवसाची नोंद मुलांनीच लिहावी.